बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे घरी कसं ओळखायचं, आणि सलाइन खरंच कधी लागतं?

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगी ११ महिन्यांची. परवापासून पातळ जुलाब, आज सकाळपासून सात वेळा झाले, तीन उलट्याही झाल्या. ओआरएस पाजलं की लगेच बाहेर. सासूबाई म्हणतात दात येताहेत, आपोआप थांबेल. शेजारच्या काकू म्हणतात सलाइन लावून आणा, संध्याकाळपर्यंत खेळायला लागेल. तुम्हाला विचारायचंय की डिहायड्रेशन झालंय की नाही हे घरी कसं कळतं, सलाइन लावावं का, आणि रात्री ती झोपली तर उठवून पाजावं का.

उत्तर लांब होणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. मुलगी हाका मारूनही नीट जागी होत नसेल, चमचा ओठाला लावला तरी पीत नसेल, पोटात काहीच टिकत नसेल, सहा-आठ तासांत शू झालेली नसेल, हातपाय गार पडले असतील, शीमध्ये रक्त असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट फुगलं असेल किंवा झटका आला असेल, तर पुढचं वाचत बसू नका. गाडी काढा. वाटेत पीत असेल तर चमच्याने पाजत न्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब-उलट्या होत असतील तर यातलं काही दिसायची वाटही पाहू नये, थेट डॉक्टरकडे जावं.

मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लहान मुलांचा दवाखाना चालवते. जुलाबाचं मूल घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक आई पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते, किती वेळा झाली ते. तुम्हीही तेच लिहिलंत. किती वेळा शू झाली, किती प्यायली, आत्ता काय करतेय, हे लिहिलं नाहीत. मला मात्र शीच्या आकड्यापेक्षा हेच जास्त हवं असतं. दहा वेळा शी होऊनही खिदळत मांडीवरून उतरू बघणारं मूल मी घरी पाठवते, आणि चारच वेळा शी झालेलं पण आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं मूल आधी आत घेते. जुलाब विषाणूचे असले तर ते आपल्या गतीने चार-पाच दिवसांत, कधी आठवड्याने थांबतात. आपल्याला सांभाळायचा असतो तो हिशेब: खालून-वरून जेवढं गेलं, तेवढं परत आत गेलं का? तुमचा खरा प्रश्न हाच आहे. सलाइन हा त्यातला एक मार्ग झाला, आणि तोही बहुतेक वेळा शेवटचा.

आता ओळखायचं कसं. मी मुलाला हात लावायच्या आधी नुसतं बघते. ते आजूबाजूला बघतंय का, आईच्या मंगळसूत्राशी खेळतंय का, की उगाच किरकिर करतंय, कशानेच समजूत पटत नाही? की त्याहून पुढे, मलूल होऊन पडलंय? किरकिरं मूल आईबापांना जास्त आजारी वाटतं आणि शांत पडलेलं मूल 'आत्ता जरा निजलंय' असं वाटतं. इथेच घोटाळा होतो. दिवसभर किरकिर करणारं मूल अचानक गप्प झालं तर ते बरं वाटल्याचं लक्षण धरू नका, आधी जागं करून बघा.

मग डोळे. खोल गेलेत का हे मी आईलाच विचारते, कारण काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात. तुमच्या मोबाइलमध्ये गेल्या आठवड्यातला फोटो असेलच, तो शेजारी धरा. नंतर तहान. चमच्याने पाणी द्या. नेहमीसारखं प्यायली तर ठीक. चमचा ओढून घेऊन अधाशासारखी पीत असेल, काढला की रडत असेल, तर पाणी कमी झालंय. आणि प्यायची ताकदच नसेल तर प्रकरण गंभीर आहे.

चिमटा काढून बघायची पद्धतही शिकून घ्या. बाळाला उताणं झोपवा. बेंबी आणि कुशीच्या मधोमध, नखं न लावता, अंगठा आणि तर्जनीने पोटाची कातडी उभी धरून उचला आणि सोडा. ताबडतोब सपाट झाली तर उत्तम. क्षणभर घडी दिसत राहिली तर पाणी कमी आहे. मनात सावकाश 'एक, दोन' म्हणून झालं तरी घडी दिसतेच आहे, तर दवाखाना गाठा.

पण या चिमट्यावर एकट्यावर विसंबू नका. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गुटगुटीत दहा महिन्यांच्या मुलाला मी असंच तपासलं होतं. चिमटा लगेच सपाट, तोंड ओलं. 'काही नाही, पाजत राहा' म्हणून घरी पाठवलं. संध्याकाळी तेच मूल डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत परत आलं. तेव्हा कुठे मला वजन करायचं सुचलं. चार दिवसांपूर्वी ९.२ किलो होतं, आता ८.४. गेलेले ८०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ ८०० मिलिलिटर पाणीच होतं. जाड मुलाची कातडी चरबीमुळे लवकर सपाट होते, आणि कुपोषित मुलाची पाणी पुरेसं असतानाही सावकाश होते. सकाळी तोंड ओलं दिसलं होतं, कारण आईने दारातच दोन घोट पाजले होते. तेव्हापासून माझ्याकडे जुलाबाचं मूल वजनकाट्यावर गेल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्या लसीच्या कार्डावर नऊ महिन्यांचं वजन लिहिलेलं असेल, ते कार्ड डॉक्टरकडे नेताना बरोबर ठेवा. घरी काटा असेल तर आत्ताच कपडे काढून वजन करून ठेवा, उद्या तुलना करता येईल.

टाळूचंही विचारतात. दीड वर्षापर्यंत ती भरून येते, तोवर तिचा उपयोग होतो. बाळ शांत असताना, उभं धरून, बोट फिरवून बघा. रडताना टाळू वर येते, म्हणून रडत्या बाळाची बघू नका. नेहमीपेक्षा खड्डा लागत असेल तर पाणी कमी आहे. आमच्याकडे अजूनही अशी टाळू तेलाने भरायला बसणाऱ्या आज्या आहेत. तेल भरायला माझी ना नाही, पण वाटी-चमचा सोडून ते करत बसू नये.

शू हे सगळ्यात भरवशाचं लक्षण, आणि डायपरमुळे तेच कळेनासं झालंय. 'डायपर जड होता मॅडम, शू झालीय की' असं सांगतात, आणि उघडून बघावं तर जुलाबाचं पाणी. मुलींच्या बाबतीत तर शू आणि पातळ शी एकाच जागी मिसळते, काहीच उमगत नाही. म्हणून जुलाब असेपर्यंत डायपर बंद, जुन्या सुती साडीचे लंगोट किंवा खाली दुपटं घाला. धुणं वाढतं खरं, पण पांढऱ्या सुती कापडावर जुलाबाच्या डागाला पिवळट-हिरवट कडा दिसते आणि शूचा डाग वेगळा कळतो. सहा तासांत एकदाही तसा डाग दिसला नाही तर मला कळवा, असं मी सांगते.

म्हणजे मूल तरतरीत, शू होतेय, नेहमीसारखं पितंय, तर घरीच पाजत राहा. किरकिर, डोळे खोल, अधाशी तहान, चिमट्याची घडी क्षणभर टिकते, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर डॉक्टरच्या नजरेखाली चार तास पाजायचं. ग्लानी, पिता न येणं, दोन सेकंदांहून जास्त टिकणारी घडी, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर सलाइन. आणि ग्लानी एकटी असली तरी घरी थांबायचं नाही. तुमच्या लिहिण्यावरून मुलगी यातल्या दुसऱ्या गटात, म्हणजे डॉक्टरच्या नजरेखाली पाजायच्या मुलांत, असावी असा माझा अंदाज आहे, पण न बघता ते ठामपणे सांगता येणार नाही. म्हणून आज तिला एकदा डॉक्टरला दाखवाच.

आता तुम्ही म्हणाल, उलटून पडणारं ओआरएस पाजून उपयोग काय, त्यापेक्षा सलाइन बरं. जुलाबात आतड्याचं अस्तर दुखावतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा त्याचा मार्ग चालूच असतो, आणि ही जोडी आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. नुसतं पाणी किंवा नुसती साखर तेवढं काम करत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हातांनी पाजून घेतलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. कॉलऱ्याने खंगलेल्या माणसांना जे तोंडाने देऊन चाललं, ते आपल्या विषाणूच्या जुलाबात बहुतेक मुलांना पुरतं. शिवाय सलाइनसाठी बाळाची शीर शोधायला दोन-तीनदा टोचावं लागतं, आणि वेग चुकला तर त्याचे वेगळे धोके. सुरुवातीला मीही आईबापांच्या आग्रहाला बळी पडून गरज नसताना सलाइन लावलेली आहेत. नाही लावलं तर ते पलीकडच्या गल्लीत जाऊन लावून घेणार, हे माहीत असायचं.

उलटून पडतं त्याचं कारण बहुधा वेग असतो. तहानलेलं मूल अर्धा पेला एका दमात घटाघटा पितं, ताणलेलं पोट ते परत फेकतं, आणि आई ठरवते की हिला ओआरएस 'पचत नाही'. माझ्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाक आहे. दुसऱ्या गटातली मुलं तिथे बसतात. आईच्या हातात सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज किंवा चमचा, समोर भिंतीवरचं घड्याळ. हिशेब असा: दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. तुमची मुलगी आठ किलोच्या आसपास धरली तर ६०० मिलिलिटर, म्हणजे तासाला १५०. दर दोन मिनिटांनी एक चमचा, ५ मिलिलिटर, एवढंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार तासांत सगळी तूट भरून निघते. गालाच्या आतल्या बाजूने हळू सोडायचं, घशावर पिचकारी मारायची नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग तीन मिनिटांनी एक चमचा अशा गतीने परत सुरू करायचं. उलटीत जेवढं पडलं ते सगळं वाया गेलं असं समजू नका, बरंचसं तोवर पुढे सरकलेलं असतं. बाटलीने मात्र पाजू नका. वाटी-चमचा बरा, घरात आजीच्या वेळचं बोंडलं असेल तर तेही उकळून चालेल. पहिला तास फार कंटाळवाणा जातो. दुसऱ्या तासाला बाप येऊन बसतो, तिसऱ्याला मूल सिरिंज स्वतःच्या हातात मागायला लागतं. तिथे मला कळतं, सलाइन लागणार नाही.

हे सगळं ज्या पाण्याच्या भरवशावर चालतं, ते पाणी नीट कालवलेलं असणं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, आणि थंडीतच रोटाव्हायरसच्या जुलाबाचा जोर असतो. एका टोळीतल्या आठ महिन्यांच्या मुलाला मी चिठ्ठीवर 'ओआरएस १ पाकीट' लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते मूल थरथरत, कर्कश रडत आलं. कातडी मळलेल्या कणकेसारखी लागत होती, तहान अशी की चमचा सोडेना. थोड्याच वेळात झटका आला. आईने खोपीत पाकीट कसं कालवलं ते करून दाखवलं: एक लिटरचं अख्खं पाकीट, स्टीलच्या एका पेल्यात. तिला वाटलं घट्ट केलं की जास्त गुण येईल. रक्तातलं मीठ धोकादायक वाढलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, मूल वाचलं. तिने तर प्रामाणिकपणे औषध दिलं होतं, किती पाण्यात ते मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून नीट ऐका. पाकिटावर किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचं, दुकानातल्या एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजा. ४ ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलिलिटरसाठी असतं. घरातले पेले १५० पासून ३०० पर्यंत कितीही असतात, त्यांच्यावर जाऊ नका. अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात असं करू नका, पावडर कधी सारखी विभागली जात नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पण कालवल्यावर उकळू नका. दूध, साखर, सरबत काही मिसळू नका. चव बघा, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचा उल्लेख बघा. २००२ पासून हे कमी तीव्रतेचं सूत्र आहे: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. त्यांच्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचून जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, तरी दुकानदार सवयीने हातात काय ठेवतो ते बघूनच घ्या. ग्लुकोज पावडरचं पाणीही नको, त्यात मीठ जवळजवळ नसतं. रात्री-अपरात्री पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमच्यावर सुरी फिरवून मोजलेलं. शिगोशीग भरलेला चमचा नको. ही रात्र निभावण्यापुरती सोय, सकाळी पाकीट आणाच. आशाताईंकडे ते फुकट मिळतं.

तूट भरून निघाल्यावर दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, दोन वर्षांच्या आत एवढंच. त्याबरोबर भाताची पेज, मीठ घातलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक द्यायला हरकत नाही. नारळपाणी अधूनमधून चालेल, पण त्यात सोडियम कमी, म्हणून त्याच्यावर भागवू नका. अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. 'दुधाने जुलाब वाढतात' म्हणून चार दिवस दूध बंद केलेली बाळं मी पाहिली आहेत, जुलाब थांबतात तोवर ती निम्मी झालेली असतात. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं बाळ असेल तर एरवी उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी लागत नाही. आणि अशा बाळाने दिवसात सात-आठ वेळा पिवळी, मोहरीसारखे कण असलेली शी केली, तर तो मुळात जुलाबच नाही. तुमच्या मुलीला मऊ खिचडी, दहीभात, केळं, वर चमचाभर तूप, जसं मागेल तसं थोडं थोडं द्या. बरी झाल्यावर पुढचे दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्तीचं.

जुलाब बांधणारी मोठ्यांची गोळी तिला चुकूनही देऊ नका. तिने शी दिसायची थांबते, आतड्यात साठते, पोट फुगतं आणि आपल्याला वाटतं गुण आला. मागच्या वेळची अर्धी उरलेली अँटिबायोटिकची बाटलीही काढू नका, रक्त पडत नसेल तर बहुतेक जुलाबांना ती लागत नाही. उलटीचं औषध डॉक्टर वजन बघून एखादा डोस देतात, ते त्यांच्यावर सोडा. झिंक मात्र मागून घ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून गोळ्या ठेवून देतात, तसं करू नका.

सासूबाईंचं म्हणणं वरवर बघता खोटं नाही. दात येतात त्याच वयात मुलं रांगतात, फरशीवरचं सगळं तोंडात घालतात आणि जुलाब होतात, म्हणून दोन्ही एकत्र दिसतं. पण दातांमुळे सात पातळ जुलाब आणि तीन उलट्या होत नाहीत. वाद घालण्यापेक्षा त्यांच्याच हातात वाटी-चमचा आणि घड्याळ द्या. दर दोन मिनिटांनी एक चमचा इतकं चिकाटीने पाजणारं माणूस घरात आजीशिवाय दुसरं नसतं.

मी सांगितलेलं सगळं एका धडधाकट मुलीला धरून आहे. मूल अगदी हडकुळं असेल, त्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे आकडे लागू नाहीत, तिथे पाजण्याचा वेगच वेगळा. घर वाडीवर असेल आणि दवाखाना तासाभराच्या वाटेवर, तर मी नियम आणखी कडक करते: अंधार पडायच्या आत दाखवून या. गाव जवळ असेल तर रात्री नऊपर्यंत वाट बघायला हरकत नसते.

आता रात्रीचं. संध्याकाळी तिला शू झाली असेल, चमच्याने नीट पीत असेल, तर झोपू द्या, ती दमलेली असणार. अंगावर मागेल तेव्हा पाजा. दर दोन-अडीच तासांनी गजर लावून एकदा बघा: दुपटं ओलं आहे का, पाय गरम आहेत का, गालाला बोट लावलं की तोंड वळवते का. झोपेत जुलाब झाला असेल तर जागं करून दहा-बारा चमचे पाजा. कुरकुरत प्यायली आणि परत झोपली तर तुम्हीही पडा. उठवूनही डोळे उघडत नसेल, चमचा तोंडातून ओघळत असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, तेव्हाच निघा. उद्या तिचं वजन आणि शू किती वेळा झाली तेवढं कळवा.